नांगराचं वाढप

नात जेवताना मागायची आणि म्हातारीच्या डोक्यात तिडीक जायची. बाप बसलेला, थोरला भाऊ बसलेला, आणि ही बया रिकामं ताट पुढे सरकवून स्वच्छ आवाजात म्हणायची, "अजून." कुजबुजली असती तर म्हातारीने एक वेळ ऐकलं न ऐकलं केलं असतं. पण आवाज असा, की दाराबाहेरचं कुत्रं उठून बसावं.

"अजून कुठलं? भांडं दिसतंय ना?"

"तळाशी आहे की."

"ती खरवड तुझ्या आईची."

"आई खात नाही. आई उचलून माझ्याच ताटात टाकते. मग आधीच दे ना मला. आईचे हात तरी खरकटे व्हायचे नाहीत."

भाऊ फिदीफिदी हसायचा. बाप मान खाली घालून बोटं चाटत बसायचा. म्हातारी हातातलं ओगराळं भांड्याच्या काठावर असं आपटायची, की छपरातल्या चिमण्या भुर्रकन उडायच्या. सून मात्र भांडं ओढून घ्यायची आणि खरवडायला लागायची.

म्हातारीने या घरातली चूल हातात घेतली त्याला जमाना झाला. तेव्हापासून बाईमाणसाने ताट पुढे केलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिची स्वतःची लेक याच चुलीपुढे लहानाची मोठी झाली, भरल्या घरात दिली, पण जेवताना तिच्या तोंडून कधी शब्द फुटला नाही. वाढलं तेवढं खाल्लं, नाही वाढलं तर पाणी प्याली. विहिरीवर, गिरणीत, बाळंतिणीच्या खाटेपाशी, जिथे चार बायका भेटतील तिथे म्हातारी हे सांगायची. ऐकणारीला पाठ झालं तरी सांगायची. आणि त्याच रक्ताची नात निघाली ही अशी. तेरावं लागलं होतं, हातपाय वेलीसारखे सुटले होते, आणि पोटाला बूड नव्हतं. म्हातारीने तिचं नाव टोळ ठेवलं होतं. "टोळ, कोंबड्या आत घे." "टोळ, चूल बघ." पोरगीही बिनदिक्कत ओ द्यायची.

एरवी हे खपलं असतं. पण मागच्या पिकाला ऐन कापणीत पावसाने गाठलं होतं. कापून टाकलेल्या पेंढ्या शेतातच भिजल्या, ढिगातल्या ढिगात दाण्याला मोड आले. झोडून, वाळवून जे हाती लागलं त्याला कुबट वास होता. तेही कणगीत गुडघाभरच. नवं पीक अजून वीतभर उंच होतं. म्हातारी रोज कणगीत हात घालायची. पूर्वी मनगट बुडालं की दाणा लागायचा, आता खांद्यापर्यंत वाकावं लागत होतं. म्हणून तिने हात आखडता घेतला. दाणे भरडून त्याची पेज करायची, तीही अशी पातळ, की ताटात तोंड दिसावं.

पातळ पेज वाढणं हे अडाण्याचं काम नव्हे. ओगराळं तळापर्यंत घालून, एक फेर देऊन वर काढलं की दाट येतं. वरच्यावर फिरवलं की नुसतं पाणी. म्हातारीचा हात त्यात इतका बसलेला, की न बघता जमायचं. मुलाला तळाचं, नातवाला तळाचं, सुनेला आणि टोळला वरचं, आणि शेवटी स्वतःला भांड्यात पाणी घालून विसळलेलं. त्या विसळलेल्या पाण्याचा तिला अभिमान होता. ती ते सगळ्यांसमोर प्यायची.

घरात याला 'नांगराचं वाढप' म्हणत. तिच्या सासूपासूनची रीत. नांगर बाहेर निघाला त्या दिवसापासून नवं धान्य घरात येईपर्यंत नांगरणाऱ्याला आधी, तळाचं, आणि कोंबडी घालेल ते अंडं. नांगर धरणं म्हणजे छातीचं काम. त्यात नातू यंदा पहिल्यांदाच बापाच्या जोडीला उभा राहिला होता. पाय काटकुळे, पण मिसरूड फुटलेली. म्हातारी त्याला पैलवान म्हणायची, आणि तो ते खरं धरून चालायचा.

नांगरणी झाली. पेरणी झाली. नांगर धुऊन, तेल लावून माळ्यावर गेला. आता तण आलं होतं.

तण काढणं बायकांचं. म्हातारी, सून आणि टोळ, तिघी तांबडं फुटायला शेतात जायच्या. उकिडवं बसायचं, डाव्या हाताने रोप सांभाळायचं, उजव्या हाताने खुरपं घालायचं, तण मुळासकट उपटून मागे टाकायचं, आणि बसल्या बसल्याच पाऊल पुढे सरकवायचं. दुपार व्हायच्या आत मांड्या भरून यायच्या, बोटांच्या पेरांत माती घुसून ती चिरायची. म्हातारीचे गुडघे केव्हाच बोलायला लागले होते. ती बांधाजवळची तोकडी ओळ घ्यायची आणि ती संपेपर्यंत इतरांनी आपल्याकडे बघू नये म्हणून सतत बोलत राहायची.

"शेजारच्यांचं बघा. आरशासारखं शेत. आणि आपल्याकडे गवतात पीक शोधावं लागतंय."

"शेजारी सहा जणी आहेत," सून म्हणाली.

"आम्ही दोघी जणी सगळं रान काढायचो. मी आणि माझी सासू."

सुनेच्या हातातलं खुरपं मध्येच थांबायचं. ती डोळे मिटून घ्यायची, उघडायची, आणि पुन्हा सुरू करायची. आठवडाभर असं चाललं होतं. मग एका सकाळी खुरपं थांबलं आणि सुरूच झालं नाही. सून आहे तिथे, ओळीत, हळूच बाजूला कलंडली. एखादं पोतं भिंतीवरून घसरावं तशी. दोन रोपं तिच्या अंगाखाली मोडली.

टोळने धावत जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं. म्हातारीने तोंडावर पाणी मारलं.

"ऊन लागलं," म्हातारी म्हणाली.

"सकाळ आहे अजून," टोळ म्हणाली. "ऊन कुठलं? सकाळपासून पोटात काय आहे हिच्या?"

"तोंड बंद ठेव."

सूनच उठून बसली. "झालं, बरं वाटतंय," म्हणाली, आणि मोडलेली रोपं सरळ करायला लागली. ती काही सरळ होईनात.

त्या वेळी बाप आणि पैलवान कुठे होते म्हणाल, तर फाळाला धार लावायला लोहाराकडे गेले होते. लोहाराकडे सावली होती, गप्पा होत्या, आणि फाळ लागायचा होता पुढच्या वर्षी. संध्याकाळी दोघं परत आले ते दमल्याचा चेहरा करून. म्हातारीने ताटं मांडली. ओगराळं तळाला गेलं, एक फेर फिरलं. पैलवानाच्या ताटात दाट पेज पडली, वर उकडलेलं अंडं.

टोळ बघत होती.

"आजी, नांगर कुठे आहे?"

"माळ्यावर. का?"

"मग दादाला अजून नांगराचं का?"

पैलवानाच्या तोंडात अंडं होतं. त्याला हसावं की गिळावं कळेना.

"रीत आहे," म्हातारी म्हणाली.

"आज दिवसभर खुरपं आम्ही चालवलं. आई पडली. खुरप्याचं वाढप का नसतं?"

बाप खाकरला. तो काही वाईट माणूस नव्हता. पण ताटातलं उचलून बायकोला द्यावं तर आईसमोर अवघड, आणि न द्यावं तर लेक बघतेय. त्याने मधला मार्ग काढला. भराभरा खाल्लं आणि हात धुवायला बाहेर गेला.

"हिची जीभ कोणीतरी चिमट्यात धरा," म्हातारी म्हणाली. "उद्या दुसऱ्याच्या घरी गेली की लोक मला विचारतील, हेच शिकवलंस का?"

"अजून," टोळ म्हणाली आणि ताट पुढे केलं.

म्हातारीने त्या दिवशी ठरवलं. कणगीत हात घालून बघितलं, मनाशी तोंडं मोजली, आणि हिशोब सरळ निघाला. एक तोंड कमी झालं तर कणगी नव्या पिकापर्यंत ओढता येते. कमी करायचं तोंड कुठलं हे काही तिला शोधावं लागलं नाही. तिच्या लेकीने मागेच निरोप पाठवला होता, की घरात हाताखाली पोर हवी आहे, आपल्यातलीच असली तर बरं, आणि बदल्यात सासरच्यांनी एक पोतं धान्य द्यायचं कबूल केलं आहे. म्हणजे तोंड कमी, वर पोतं. शिवाय लेकीच्या हाताखाली पोरीला वळण लागेल. मीठ विकायला येणाऱ्या गाडीवाल्याकडे तिने दुसऱ्या दिवशी सकाळीच उलटा निरोप धाडला.

सुनेला तिने ते शेतात सांगितलं, तण उपटता उपटता, हवापाण्याचं बोलावं तसं.

सुनेने हातातलं तण मागे टाकलं. मग म्हणाली, "हिच्या वाटच्या ओळी कोण काढणार?"

"मी काढीन."

"तुमच्याने अर्धी ओळ होते, आई."

लागेल असं बोलायची सुनेची पद्धत नव्हती. तिने जे दिसत होतं ते सांगितलं. म्हातारीने खुरपं जमिनीत खुपसलं ते दगडावर लागून खणकन वाजलं.

"तुझी पोर काय मी विकतेय? तिच्या सख्ख्या आत्याकडे चाललीय. पोटभर खाईल. इथे काय खातेय?"

"मागते तरी," सून म्हणाली आणि पुढच्या रोपाकडे सरकली.

टोळ दोन ओळी पलीकडे होती. ऐकू गेलं असावं, कारण त्या दिवसापासून ती बदलली. वाढलं तेवढं खायची, ताट उचलायची, धुवायची. दोन बोलावणी व्हायच्या आत पाणी भरून ठेवायची. म्हातारीने ते बघितलं. जाणार म्हटल्यावर कशी सरळ आली, असं तिला वाटलं, आणि तिने ते बोलूनही दाखवलं. टोळ "हो" म्हणाली.

लेक आली ती सासरच्या गाडीतून, सकाळी कोवळ्या उन्हात. कपडे चांगले, हातात जाडजूड बांगड्या. गाडीत ते पोतं, तोंड शिवलेलं, टच्च भरलेलं. मुलगा ते उतरवायला धावला, तर म्हातारी म्हणाली, "असू दे रे. माणूस आलंय आधी, त्याला आत घे. पोतं काही पळून जात नाही." दारात आलेल्या चार बायकांनी पोतं नीट बघून घ्यावं हेही तिच्या मनात होतं.

लेक गाडीतून उतरताना गाडीचा दांडा धरून उभी राहिली. मग उंबऱ्याशी आली, तिथेही उभी राहिली.

"काय गं, उंबरा चढायला मुहूर्त बघतेस?"

"नाही गं. गाडीत पाय आखडले," लेक हसून म्हणाली. हसली तेव्हा बाजूचे दोन दात नसल्याचं दिसलं. मागच्या खेपेला होते. ओठ असे होते, की रंग त्यातून कोणी धुऊन काढला असावा.

"बारीक झालीस."

"कामाचं घर आहे. बारीकच बरं."

पैलवान म्हणाला, "आत्या, तुमच्याकडे म्हणे रोज दूध आणि भात? मलाच ने ना. मी भांडी घासीन."

"तू भांडी घासशील, पण आधी रिकामी करशील," आत्या म्हणाली, आणि सगळे हसले. टोळसुद्धा हसली, पण आवाज न करता.

दुपारी पाहुणी म्हणून म्हातारीने पेज जरा घट्ट केली, डाळीत चार दाणे जास्त टाकले. पाहुणी घरात, म्हणून आधी पुरुषांचं वेगळं उरकलं. मग बायका बसल्या. लेकीने दोन घास खाल्ले.

"वाढू?"

"नको गं. भूकच नाही. गाडीत बसून पोट कसं भरल्यासारखं झालंय."

म्हातारीने सुनेकडे बघितलं. बघ, असं असतं वळण. टोळ आपलं ताट पुसून काढल्यासारखं करून उठली. आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "गुणी आहे गं पोर. उगाच टोळ म्हणतेस."

जेवणं झाली, सून आणि टोळ शेतात गेल्या. लेक म्हणाली, मीही येते, दोन ओळी काढते, लहानपणी काय कमी काढल्या? पण बांधाचा चढ अर्धा चढली आणि छाती धरून खाली बसली. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाली आणि घरी परतली. म्हातारी त्यांच्याबरोबर शेतात गेली. तिची ओळ काही पुढे सरकेना. थोड्या वेळाने तिला आठवलं, की संध्याकाळसाठी उकडून ठेवलेली रताळी झाकायची राहिली, कोंबड्या चोची मारतील. हे निमित्त गुडघ्यांनाही पटलं. ती उठली.

घरात आवाज नव्हता. मुलगा आणि पैलवान झाडाखाली घोरत होते. म्हातारी आतल्या खोलीच्या दाराशी आली आणि थबकली. कणगीमागच्या अंधारात कोणीतरी चावत होतं. घाईघाईने, न थांबता, मध्येच घशात अडकून, ठसका दाबून, पुन्हा चावत.

म्हातारीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ताट धुण्याचं सोंग होतं तर. शेतातून ही आपल्या आधी पळून आली, आणि पुरुषांसाठी ठेवलेलं खातेय. तिने दोन पावलांत कणगी गाठली, अंधारात हात घातला, वेणी धरली आणि खेचली.

"टोळ मेली! चोरून?"

वेणी हातात आली तशी तिला कळलं. टोळची वेणी दोरखंडासारखी होती. ही उंदराच्या शेपटीएवढी, आणि दाराच्या उजेडात आली तर अर्धी पांढरी.

लेकीचे दोन्ही गाल भरलेले होते. हातात अर्धं रताळं, सालीसकट. जाडजूड बांगड्या कोपरापर्यंत मागे सारलेल्या, त्या खाली येऊ लागल्या तशी ती त्या हाताने सावरायला लागली. गिळायला वेळ लागला. दात नव्हते त्या बाजूने.

म्हातारीने वेणी सोडली. माठातून पाणी आणून दिलं.

"दादाला सांगू नकोस," लेक म्हणाली.

"दुपारी मी वाढत होते."

"हो."

"नको म्हणालीस."

"हो."

"भूक होती?"

"असते," लेक म्हणाली. हे तिने असं सांगितलं, जसं कोणी सांगावं की छपर गळतं, किंवा दार नीट लागत नाही.

"तिकडे कमी पडतं?"

"छे गं. तीन कणग्या आहेत. उंदीरसुद्धा पोटभर जेवतात."

"मग?"

लेकीने हातातल्या रताळ्याकडे बघितलं. "सगळ्यांचं होईपर्यंत होतं असं, की उरलेलं घ्यावं तर वाटतं उद्या सकाळी कोणाला तरी लागेल. सासरे विचारतात, तू जेवलीस का? मी हो म्हणते. तोंडातून हो असंच निघतं. ते चांगले आहेत, विचारतात तरी. माझ्याच तोंडातून दुसरं काही निघत नाही, त्याला कोण काय करणार?"

"अगं, पण वाढणारी तूच ना? ओगराळं तुझ्या हातात आहे!"

"म्हणून तर," लेक म्हणाली.

ती भिंतीला टेकून बसली. "वैद्य म्हणतो अंगात रक्त नाही. घागर उचलली की डोळ्यांपुढे काजवे. दोनदा विहिरीवर पडले. म्हणून म्हटलं, हाताखाली पोर असली तर घरच्यांना कळायच्या आत काम उरकेल. आणि तुझी नात मला आवडली बघ. मला वाटलं होतं, लाडावलेली असेल. पण दुपारी मी तिच्या ताटाकडे बघत होते. रिकामं झालं, पोरीने इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही, उठली. मीच बसलेय असं वाटलं. तिकडे सगळे खूष होतील हिच्यावर." तिने तोंड पुसलं. "उरलेलं खाऊ का गं?"

विचारलं आणि लगेच रताळं खाली ठेवायला निघाली.

"खा," म्हातारी म्हणाली. "बसून खा. दार लोटते मी."

तिने दार लोटलं आणि बाहेर ओसरीत जाऊन बसली. कोंबड्या पायाशी आल्या, त्यांना तिने हाकललं नाही. अंगणात गाडी उभी होती. त्यात पोतं होतं, उन्हात तापलेलं. म्हातारी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. धान्य चांगलं असणार. कुबट वास नसलेलं. शिवणीतून दोन दाणे खाली पडले होते ते एका कोंबडीने टिपले.

मुलगा झोपेतून उठून आला. "आई, पोतं घेऊ का आत?"

"राहू दे गाडीत."

"रात्री दंव पडेल."

"पडू दे. गाडीत राहू दे म्हटलं ना?"

त्याने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि तो परत झाडाखाली गेला.

दिवे लागायच्या सुमाराला सगळी जेवायला बसली. शेतातून आलेल्या दोघींच्या अंगाला मातीचा वास येत होता. टोळचं गाठोडं कोपऱ्यात बांधून ठेवलेलं होतं, एवढंसं. म्हातारी भांडं पुढे घेऊन बसली. दुपारसारखं तिने पुरुषांच्या मागे बायकांना बसवलं नाही. "एकदाच बसा सगळी, दिव्यात तेल नाही," म्हणाली. दिव्यात तेल होतं.

तिने मुलाला वाढलं, नातवाला वाढलं. हात सवयीने तळाला जात होता, तो तिने मध्येच अडवला. पैलवानाने ताटात बघितलं, मग आजीकडे बघितलं.

"आजी, आज जरा पाणीच जास्त दिसतंय."

"दिसेल. दिसायला लागलं हेच खूप."

सुनेला वाढलं. लेकीला वाढलं. टोळला वाढलं. टोळने मान वर केली नाही. पोरगी सावकाश खात होती, लहान लहान घास, बोटांच्या टोकांनी, जसं तिला कोणी शिकवलं असावं. कोणीच शिकवलं नव्हतं. ताट रिकामं झालं. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. भांड्यात अजून पेज होती, दाट, वाफ निघत होती, आणि तिची नजर मोठ्या कष्टाने जमिनीवर टिकलेली होती.

"झालं माझं," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

"बघा," तिचा बाप म्हणाला. "शहाणी झाली पोरगी." त्याला बरं वाटलं होतं. आत्या मान डोलावून हसली.

सुनेने घास हातातच धरला होता.

"खाली बस," म्हातारी म्हणाली.

टोळ उभीच.

"बहिरी झालीस? बस म्हणते."

टोळ बसली. म्हातारीने ओगराळं भांड्याच्या तळाला घातलं, एक फेर दिला आणि काढून तिच्या ताटात ओतलं. दुसऱ्यांदा घातलं, ते सुनेच्या ताटात. तिसऱ्यांदा लेकीच्या. लेक "नको, नको गं," म्हणत ताटावर हात आडवा धरत होती, तो हात म्हातारीने ओगराळ्याच्या दांड्याने बाजूला केला.

"हिला विचारायचं नसतं. हिला वाढायचं असतं."

"आजी, तळाचं माझं..." पैलवान म्हणाला.

"तुझा नांगर कुठे आहे?"

"माळ्यावर."

"मग माळ्यावर जा आणि त्याला विचार भूक लागलीय का. उद्या खुरपं घेऊन आईबरोबर जायचं. ओळ पुरी झाली की मग बघू तळाचं."

"खुरपं? बायकांत बसून?"

"उकिडवं बसता येत नसेल तर मी शिकवीन."

मुलगा चुळबुळला. "आई, उद्या सकाळी पोर जायची. आता शेवटच्या दिवशी कशाला..."

"ती जात नाही कुठे."

मग मुलगा म्हणाला, "आणि पोतं?"

"आलं तसं जाईल."

"कणगीत काय आहे ठाऊक आहे ना तुला?"

"रोज हात मी घालते. पातळ करीन. पण पातळ सगळ्यांचं."

"अगं, मी घरी जाऊन काय सांगू?" लेक म्हणाली. तिच्या ताटात दाट पेज होती आणि ती तिच्याकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तशी बघत होती.

"सांग, म्हातारी फिरली. आणि घागर उचलत नाही म्हणून सांग. पडलीस ना दोनदा? तेही सांग. आता खा, निवतंय."

टोळने अजून ताटाला हात लावला नव्हता. ती आजीकडे बघत होती. फसवतायत की काय, असा चेहरा. शिव्या यायच्या बाकी आहेत हे तिला माहीत होतं, आणि त्या आल्या.

म्हातारीने ओगराळं तिच्यापुढे नाचवलं.

"माझ्याकडे काय बघतेस? तू हावरट आहेस. आईच्या अंगावर होतीस तेव्हापासून हावरट आहेस. उद्या ताट पुढे केलंस तर मी शिव्या देईन, परवाही देईन, आणि भांड्यात नसलं तर नाही म्हणून सांगीन. पण पोटात आग असताना 'झालं माझं' म्हणून उठलीस ना, तर हे ओगराळं पाठीत बसेल. खोटं बोलणारी पोर मला माझ्या चुलीपुढे नको. हावरट चालेल. जेव."